बीपीच्या कार्डावर काढ्यासाठी एक ओळ द्या

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य
मा. संचालक, आयुष, महाराष्ट्र राज्य

महोदय,

मागणी आधी मांडते, कारणे नंतर. उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला सरकारी दवाखान्यातून जे कार्ड मिळते, त्यावर तारीख, बीपीचे आकडे आणि गोळ्यांची नावे असतात. त्या गोळ्यांच्या खाली एक ओळ वाढवावी: ‘सोबत कोणता काढा, चूर्ण, रस किंवा झाडपाल्याचे औषध चालू आहे? किती आणि कधीपासून?’ दर भेटीला ही ओळ भरली जावी असा लेखी आदेश काढावा. भरलेली ओळ वाचून पुढे काय करायचे हे ज्यांना कळते अशी माणसे आपल्या खात्यात आधीच आहेत. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी औषधांचे दुकान चालवते. नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. माझ्या दुकानात एका कपाटात अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन या बीपीच्या गोळ्या असतात आणि समोरच्या कपाटात अर्जुनारिष्ट, लवणभास्कर चूर्ण, गुग्गुळाच्या वट्या, पुनर्नव्याच्या गोळ्या, लसणाच्या कॅप्सूल. दोन्ही कपाटांतले औषध बहुतेक वेळा एकाच पिशवीत जाते. चिठ्ठीवरची गोळी मागताना आवाज नेहमीचा असतो. दुसऱ्या कपाटाकडे बोट दाखवताना मात्र माणूस थोडा पुढे वाकतो आणि म्हणतो, “ताई, डॉक्टरांना सांगू नका हं.” तोच माणूस वैद्यांकडे गेला की इंग्रजी गोळी चालू असल्याचे तिथे सांगत नाही. दोन्हीकडे अर्धीच गोष्ट कळते. सगळी कळते ती मला, आणि ती कुठेही लिहून ठेवायची सोय माझ्याकडे नाही.

लोक का लपवतात हे आपणास ठाऊक असेलच. ‘झाडपाला खाऊन बीपी जात नसतं, बंद करा ते’ असे एकदा ऐकले की पुन्हा कोणी तोंड उघडत नाही. काढा मात्र चालूच राहतो. त्यामागची कारणेही खरी आहेत. बीपीची गोळी एकदा लागली की जन्माची लागते, ही भीती घरोघरी आहे. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या पायांवर सूज येते. काहींना गोळ्या नियमित मिळत नाहीत. आणि बीपी दुखत नाही, खुपत नाही. ज्याचा त्रासच जाणवत नाही त्यासाठी रोज गोळी घ्यायची, हे शेतात राबणाऱ्या माणसाच्या गळी उतरवणे अवघड असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या देशव्यापी अभ्यासाने २०२३ साली जे आकडे मांडले, त्यानुसार देशातल्या प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ३१.५ कोटी माणसांना, उच्च रक्तदाब आहे. एवढ्या लोकांच्या स्वयंपाकघरात आणि फडताळात काय आहे हे न विचारता उपचार करणे मला योग्य वाटत नाही.

२०१७ च्या अखेरीस भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि आपल्या राज्यातून भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि सातारा हे जिल्हे होते. त्या उपक्रमाचे मला मनापासून कौतुक आहे. मोजक्या, स्वस्त गोळ्या, ठरलेला क्रम, प्रत्येक रुग्णाचे कार्ड, महिन्याच्या महिन्याला मोजणी. कार्डामुळे माणूस हरवत नाही. मी ज्या ओळीची मागणी करते आहे ती याच कार्डाच्या भरवशावर.

आता एक गोष्ट तपशिलाने सांगते, कारण बहुतेक गैरसमज तिथून सुरू होतात. अ‍ॅम्लोडिपिन शरीरात फार सावकाश उतरते. त्याचे प्रमाण निम्मे व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. म्हणून गोळी बंद केली तरी पुढचे तीन-चार दिवस तिचा अंमल थोडाफार राहतो. माणूस सोमवारी गोळी सोडतो आणि अर्जुन सालीचा काढा सुरू करतो. बुधवारी यंत्रावर बीपी बघतो तर ठीक. तो शेजाऱ्याला सांगतो, शेजारी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, आणि काढ्याने गोळी सुटली अशी बातमी सगळ्या वाडीत होते. त्यानंतर बीपी हळूहळू वर चढते, पण तोवर कोणी मोजायला गेलेले नसते. यात खोटे कोणी बोलत नाही. त्याने जे पाहिले तेच तो सांगतो. कार्डावर ‘गोळी या तारखेला थांबवली, काढा या तारखेला सुरू केला’ एवढे लिहिलेले असते, तर दोन आठवड्यांनी आलेला आकडा समोर ठेवून त्याला समजावता आले असते.

मी वनौषधींच्या विरोधात हे पत्र लिहीत नाही. बीपीच्या आधुनिक उपचारांचा इतिहासच एका भारतीय मुळीपासून मोठा झाला, आणि त्यातला एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत लिहिला गेला. सर्पगंधा. बिहार-बंगालकडे ही मुळी वेड लागलेल्यांना शांत करायला पिढ्यान्‌पिढ्या देत. १९३१ साली कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा बीपीवरचा उपयोग लिहून प्रसिद्ध केला. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्यातली द्रव्ये वेगळी काढली आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून एकाला अजमलीन हे नाव दिले. पुढे मुंबईतले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा बीपीच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि १९४९ साली ५० रुग्णांवरचा आपला अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. त्या लेखामुळे जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन हे बीपी उतरवणारे द्रव्य वेगळे केले. अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेल्या ज्या मोठ्या चाचण्यांनी बीपीच्या गोळ्यांनी पक्षाघात आणि मृत्यू टळतात हे सिद्ध केले, त्या चाचण्यांतल्या औषधांत रिसर्पिनही होते. डॉ. वकील यांना १९५७ साली वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला.

हा इतिहास आयुष खात्याच्या भाषणांत अभिमानाने येतो, आणि यायलाच हवा. पण डॉ. वकील यांनी नेमके काय केले तेही सांगायला हवे. त्यांनी रुग्ण निवडले, मुळीचे प्रमाण ठरवले, आधीचा आणि नंतरचा आकडा मोजला आणि जे दिसले ते लिहून ठेवले. लिहून ठेवण्याची ही रीत पुढे चालू राहिली म्हणूनच सर्पगंधेचे दुसरे अंगही उजेडात आले. रिसर्पिन मेंदूतली काही रसायने रिकामी करते. त्यामुळे काहींना गाढ उदासी येते, नाडी मंद होते, नाक चोंदते, पोटातला व्रण बळावू शकतो. आज ते औषध मागे पडले आहे ते अशाच नोंदींमुळे. आणि आज माझ्याकडे कोणी येऊन सर्पगंधेच्या वट्या मागतो, त्याच्या कार्डावर दुसऱ्या दोन गोळ्या असतात, तेव्हा या एवढ्या मोठ्या अनुभवाचा त्याला काही उपयोग होत नाही. कारण तो सर्पगंधा घेतो आहे हेच कार्डाला ठाऊक नसते. तो उदास बसू लागला तर घरचे म्हणणार, वयामुळे झाले.

आता सध्या चालणाऱ्या औषधींकडे येते.

लसणाबद्दल बऱ्यापैकी अभ्यास झाला आहे. बीपी असलेल्या लोकांवरच्या छोट्या छोट्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा वरचा आकडा सरासरी आठाच्या आसपास उतरल्याचे दिसले. या चाचण्यांत बहुतेक ठिकाणी मोजून मापून दिलेले लसणाचे अर्क किंवा पावडर होती. सकाळी उपाशीपोटी चावलेल्या दोन पाकळ्यांत नेमके किती जाते हे कोणी सांगू शकत नाही. लसणाने रक्त गोठण्याची क्रियाही थोडी मंदावते. ज्याला अँजिओप्लास्टीनंतर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे, किंवा झडपेसाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, त्याने लसणाच्या कॅप्सूल सुरू करण्याआधी सांगायलाच हवे. आमटीतल्या फोडणीचा लसूण यात येत नाही. त्याची चिंता कोणी करू नये.

दुसरे, अंबाडी. विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकाला तिची ओळख करून द्यायला नको. लाल अंबाडीच्या बोंडाभोवतीचा जो आंबट, लाल, मांसल भाग असतो, त्याची चटणी आणि सरबत आपल्याकडे होतेच. त्याच वनस्पतीच्या चहाचा अभ्यास अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात झाला आणि २०१० साली प्रसिद्ध झाला. बीपी किंचित किंवा थोडेसे वाढलेले आणि गोळ्या न घेणारे ६५ लोक, रोज तीन कप, सहा आठवडे. वरचा आकडा सरासरी ७.२ ने उतरला. ज्यांना नुसतेच तसे दिसणारे पेय दिले होते त्यांचा १.३ ने. छोटा अभ्यास आहे, पण नीट केलेला. आपल्याकडे मात्र ही माहिती मोबाइलवरून फिरताना ‘जास्वंद’ होऊन फिरते आणि लोक देव्हाऱ्यातली जास्वंदीची फुले उकळून पितात. दोन्ही झाडे एका कुळातली असली तरी वेगळी आहेत, आणि हा अभ्यास जास्वंदीचा नव्हता. हे एवढे साधे वाक्य मराठीत अधिकृतपणे कोणी सांगितलेले मला आढळलेले नाही.

सात-आठ अंक उतरले तर त्याचे मोल किती? २०२१ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ४८ चाचण्यांतल्या साडेतीन लाखांच्या आसपास लोकांची माहिती एकत्र करून एक निष्कर्ष आला: औषधाने वरचा आकडा ५ ने उतरला तर हृदयविकार, पक्षाघात अशा मोठ्या घटना सुमारे १० टक्क्यांनी कमी होतात. म्हणजे छोटी घट तुच्छ नाही. ज्याचे बीपी १३८ आहे त्याने मीठ कमी केले, चालायला लागला, अंबाडीचे सरबत साखरेशिवाय घेतले तर त्याला चांगले दिवस येऊ शकतात. ज्याचे १८० आहे त्याला आठ अंकांनी काय होणार? तो १७२ वर येईल आणि पक्षाघाताच्या तोंडाशीच उभा राहील. पूरक आणि पर्यायी यांतला हा फरक आकड्यात दाखवला की लोकांना पटतो. मी गल्ल्यावर कागदाच्या कपट्यावर लिहून दाखवते तेव्हा पटतो, हे मी पाहिले आहे.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. जेष्ठमध.

घसा खवखवला की जेष्ठमधाची कांडी चघळणे ही आपल्या प्रत्येक घरातली गोष्ट आहे, आणि दोन दिवस चघळले तर कोणाचे काही बिघडत नाही. पण रोज, आठवडेच्या आठवडे, काढ्यातून किंवा चूर्णातून जेष्ठमध पोटात गेले तर ते बीपी वाढवते. त्यातले ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका विकराचे (एन्झाइमचे) काम अडवते. तो विकर एरवी शरीरातल्या कॉर्टिसोलला निष्प्रभ करत असतो. तो थांबला की कॉर्टिसोल मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावते आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावते. बीपी चढते, पोटॅशियम उतरते. आता हाच माणूस क्लोरथॅलिडोन घेत असेल तर? ती गोळीही पोटॅशियम उतरवते. दोन्ही मिळून हातपाय गळून जाणे, पेटके येणे, हृदयाचे ठोके बिघडणे इथपर्यंत जाऊ शकते. डॉक्टर बघतात की बीपी आटोक्यात नाही, म्हणून गोळी वाढवतात. खोकल्याच्या काढ्याबद्दल कोणी विचारत नाही, आणि रुग्ण सांगत नाही, कारण त्याच्या लेखी तो काढा बीपीचा नाहीच.

याच्या अगदी उलट गोष्ट टेल्मिसार्टनची. ती गोळी पोटॅशियम थोडे वाढवते. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. पण मूत्रपिंड आधीच अशक्त असेल, आणि वर अ‍ॅम्लोडिपिनने आलेल्या पायांच्या सुजेवर पुनर्नव्याचा काढा सुरू असेल, रोज दोन शहाळी चालू असतील, आणि मुलाने शहरातून ‘बीपीवाल्यांचे मीठ’ म्हणून पोटॅशियमयुक्त मीठ आणून दिले असेल, तर या सगळ्यांतले पोटॅशियम मिळून धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. पुनर्नवा म्हणजे आपली पावसाळ्यातली घेटुळी. तिची भाजी खाणे निराळे आणि तिचा आटवलेला काढा रोज घेणे निराळे. शिवाय अ‍ॅम्लोडिपिनची सूज ही अंगात पाणी साठल्याने येत नाही, रक्तवाहिन्या सैल झाल्याने येते. म्हणून पुनर्नव्यासारख्या मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या, औषधाने ती फारशी उतरत नाही. गोळी बदलून किंवा कमी करून उतरते. हे रुग्णाला कळले तर तो काढ्याऐवजी डॉक्टरांकडे जाईल.

‘झाडपाला चालतो का?’ या प्रश्नाला एकच उत्तर का देता येत नाही, हे यातून आपल्या लक्षात येईल. कोणती गोळी चालू आहे त्यावर उत्तर बदलते. एकाच काढ्याने एका रुग्णाला अपाय होईल आणि दुसऱ्याला काहीच होणार नाही. गोळ्यांची नावे कार्डावर आहेत. काढ्याचे नाव त्यांच्या शेजारी आले तरच ती दोन्ही एकत्र वाचता येतील.

अजूनही काही आहे. जेवणानंतर पाण्यातून घ्यायच्या लवणभास्कर चूर्णात चार तऱ्हेची लवणे असतात. बीपीच्या रुग्णाला आपण मीठ कमी करायला सांगतो आणि तो दिवसातून दोनदा चमचाभर लवणभास्कर घेतो, पोटासाठी. सैंधवाने बीपी वाढत नाही असा ठाम समज आहे. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलेल्या मिठात तेही धरायचे. अर्जुनारिष्टात गूळ असतो आणि आंबवण्यातून मद्यार्क तयार होतो. बीपीबरोबर मधुमेह असलेल्याने हे लक्षात घ्यायला हवे. गुग्गुळाबद्दल तर मुंबईतच, केईएम रुग्णालय आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी १९९४ साली दाखवून दिले आहे की गुग्गुळाच्या अर्काबरोबर घेतल्यास डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल ही बीपीवरची औषधे रक्तात कमी पोहोचतात. मिरी-पिंपळीतल्या पायपरिनने याच प्रोप्रॅनोलॉलचे प्रमाण रक्तात वाढते, हेही १९९१ पासून छापील आहे. गुग्गुळ विकताना मला हे आठवते, कारण तो माझा अभ्यासाचा विषय आहे. ज्याचे बीपी ‘गोळी घेऊनही उतरत नाही’ त्याच्या कार्डाला हे कसे आठवणार?

दुधी भोपळ्याच्या रसाचे वेगळे सांगते. सकाळी फिरायला जाण्याच्या जागांवर हा रस बीपीसाठी विकला जातो. कडू दुधीत कुकरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. कडू रस प्यायल्याने उलट्या, पोटातला रक्तस्राव, रक्तदाब एकदम कोसळणे आणि मृत्यूही झाल्यावर आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमली. तिने स्पष्ट सांगितले: रसाआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर टाकून द्या, आणि त्रास झाला तर तातडीने रुग्णालय गाठा. ही सूचना देशभरासाठी होती. आमच्या तालुक्यात ती कोणत्याही भिंतीवर नाही.

आठवडी बाजारात तंबू टाकून बीपी, शुगर, मूळव्याध मुळासकट घालवून देणारे जे बसतात, त्यांच्या पुडीत काय असते हे तर कोणालाच सांगता येणार नाही. २००४ साली अमेरिकेत बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. शिसे स्वतःच रक्तदाब वाढवते. सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचे प्रकारही आपल्या यंत्रणांना नवे नाहीत, आणि स्टेरॉइडनेही बीपी चढते. म्हणून ओळीत ‘नाव माहीत नाही, बाजारातली पुडी’ असे लिहिले गेले तरी ती नोंद मोलाची आहे.

जाहिरातींबद्दल. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा कायदा १९५४ सालचा आहे. ज्या रोगांवरच्या उपचाराच्या जाहिरातीच करता येत नाहीत अशांच्या यादीत उच्च रक्तदाब स्पष्ट शब्दांत आहे. औषध कोणत्या पद्धतीचे आहे याने फरक पडत नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींच्या नियम १७० वरून जो वाद झाला त्यात मी शिरत नाही. १९५४ चा कायदा त्यावर अवलंबून नाही. तरी केबलवर आणि एसटी स्टँडच्या फलकांवर ‘बीपी कायमचे बंद’ दिसतेच. अन्न व औषध प्रशासन आपल्या खात्यात येत नाही, हे ठाऊक आहे. पण आपल्या प्रत्येक केंद्रातून अशा जाहिरातीचा फोटो आणि तारीख तिकडे गेली तर कारवाईला आधार मिळेल.

आता माणसांबद्दल. आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून आता ओळखल्या जाणाऱ्या आपल्या उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी असतात, आणि महाराष्ट्रात त्यांच्यात बीएएमएस ही आयुर्वेदाची पदवी घेतलेल्यांची संख्या मोठी आहे. त्यांनी द्रव्यगुण, म्हणजे आयुर्वेदातले औषधींचे शास्त्र, शिकलेले आहे. अर्जुन, पुनर्नवा, जेष्ठमध त्यांना लॅटिन नावांसकट माहीत आहेत. त्याच हातांनी ते रोज बीपी मोजतात, अ‍ॅम्लोडिपिन देतात. दोन्ही कपाटे ज्यांना उघडता येतात असे अधिकारी गावपातळीवर असणे ही आपल्या राज्याची केवढी मोठी ताकद आहे! पण मी ज्यांच्याशी बोलते ते सांगतात की केंद्रात बसल्यावर आयुर्वेदाबद्दल बोलण्याची वेळच येत नाही. विचारायचे ठरलेलेच नसल्याने विचारले जात नाही. कार्डावर ओळ आली की हा प्रश्न त्यांच्या कामाचा भाग होईल. त्यांना एका दिवसाचे प्रशिक्षण द्या: कोणत्या गोळीबरोबर कोणती औषधी नको, कोणाचे पोटॅशियम तपासायचे, कोणाला प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच पाठवायचे. आणि रुग्णाला रागावायचे नाही, हे प्रशिक्षणाच्या पहिल्या तासात सांगा. आशाताई घरी जातात. चुलीवर काय उकळते आहे ते त्यांना आधी दिसते. त्यांनाही या प्रश्नात सामील करून घ्या.

आयुष संचालकांना एक वेगळी विनंती. नागपूर, नांदेड, धाराशिव येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालये आहेत, तिथे रुग्ण येतात आणि पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी प्रबंध लिहितात. लाल अंबाडी, अर्जुन, लसूण या तीनच औषधींवर, सरकारी गोळ्या चालू ठेवून, एकाच पद्धतीने, सगळ्या महाविद्यालयांत मिळून अभ्यास करता येईल. प्रत्येकाने वीस-पंचवीस रुग्णांचा निराळा प्रबंध लिहून तो कपाटात ठेवण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचे होईल. निष्कर्ष काहीही निघाला तरी तो मराठीत छापा. एखादी औषधी निरुपयोगी ठरली तर तेही सांगा. लोकांचा विश्वास त्यानेच वाढेल. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले तेव्हा आयुष मंत्रालयाने ते नाकारले आणि वाद माध्यमांत रंगला. त्या वेळी गावोगावी गुळवेल घेणाऱ्यांची कार्डे लिहिलेली असती तर वादाचा निकाल आपल्याच नोंदींतून लावता आला असता. आयुष औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीची राष्ट्रीय योजना २०१८ पासून आहे, तिचे केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. तालुक्यातून तिथवर अर्ज जायचा असेल तर सुरुवात कार्डापासूनच होणार.

डॉक्टर मंडळी म्हणतील की ओपीडीत शंभर माणसे असताना ही ओळ कोण भरणार. त्यांची अडचण खरी आहे. म्हणून ती डॉक्टरांनी भरू नये. बीपी मोजणाऱ्या परिचारिकेने किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने दंडाला पट्टा बांधण्याआधी विचारावी. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसवायचे असतेच. ‘काही गावठी घेता का?’ असे विचारले तर बहुतेक ‘नाही’ म्हणतात. ‘घरात बीपीसाठी, पोटासाठी, खोकल्यासाठी काय काय करता?’ असे विचारले तर सगळे निघते. हा मला दुकानात आलेला अनुभव आहे, आणि प्रश्नाचे शब्द ठरवताना तो विचारात घ्यावा.

नव्या कार्डांच्या छपाईपर्यंत थांबायचेही कारण नाही. जुन्या कार्डाच्या खालच्या कोऱ्या जागेत पेनाने लिहिता येते. आमच्यासारख्या औषध दुकानदारांनाही यात घ्या. बीपीची गोळी घेणाऱ्याने सोबत काय नेले हे आम्ही पावतीच्या मागे लिहून देऊ शकतो, आणि मी तसे देतेही. ती पावती केंद्रात दाखवल्यावर बाजूला सारली जाऊ नये, तिच्यावरचा मजकूर कार्डावर उतरवून घ्यावा, असे एक परिपत्रक आपण काढलेत तर साताऱ्यातल्या माझ्या व्यवसायबंधूंशी बोलून हे काम सुरू करण्याची जबाबदारी मी घेते. प्रशिक्षणासाठी गोळी-औषधींचा एक पानी तक्ता मराठीत तयार करून हवा असेल तर तोही करून देईन. तो आपल्या औषधशास्त्राच्या आणि द्रव्यगुणाच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून तपासावा.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट
सातारा जिल्हा